फोटोतला हात

दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत आख्खं महायुद्ध लढायचं, चार विमानं पाडायची, स्वतः दोनदा मरायचं आणि मग हात धुऊन पुन्हा हपिसातल्या खुर्चीत येऊन बसायचं, याचं त्या दिवसांत कुणाला नवल राहिलं नव्हतं. अर्ध्या तासाच्या सुट्टीत पाच तासांची लढाई आरामात बसायची. कशी? तर कपाळाला बांधायच्या चार बोटं रुंद पट्टीमुळे. तिला म्हणत ताणपट्टी.

ताणपट्टीचं शास्त्र ऐकायला अगदी सोपं. दुचाकीवरून आपटलेल्या कुठल्याही माणसाला विचारा, तो सांगेल, "अहो, पडताना सगळं कसं सावकाश दिसत होतं!" चाक सरकलं, खडी जवळ आली, समोरच्या बाईनं तोंडावर हात नेला, सगळं अगदी निवांत. खरं तर मामला दीड सेकंदाचा. पण माणूस घाबरला की मेंदू त्या दीड सेकंदाची एरवीपेक्षा कितीतरी जास्त टिपणं काढतो, आणि ज्या क्षणाची टिपणं जास्त तो क्षण लांब वाटतो. भीतीनं काळ ताणला जातो. ताणपट्टी हाच ताण हेरायची आणि वाढवायची. वर आणखी एक सोय होती. तुमच्या मनानं हातातला क्षण पुरता पाहून संपवल्याशिवाय खेळ पुढचा क्षण समोर आणायचाच नाही. तो बिचारा थांबून राहायचा.

ताण दहापटीच्या पुढे जाऊ नये म्हणून पट्टीत एक कुलूप असायचं. खेळणारी पोरं त्याला वेसण म्हणायची. आणि आता सांगायला नको, पण जिथं वेसण असते तिथं ती काढणारेही असतातच.

हणमंत लोंढेला यातलं काही कळत नव्हतं, आणि कळून घ्यायची हौसही नव्हती. त्याची सगळी विद्या विहिरीतली. सातारा जिल्ह्यातल्या त्याच्या गावात आणि आसपासच्या वाड्यावस्त्यांत ज्याला म्हणून पोहता येत होतं, त्याला ते हणमंतानं शिकवलेलं होतं. पोराच्या पाठीला तेलाचा रिकामा डबा बांधायचा, पोटाखाली हात धरायचा आणि पाण्यात आडवं करायचं. पोरगं बोंबलतं, "आबा, सोडू नका, सोडू नका!" आबा म्हणतो, "धरलंय मी. धरलंय." आणि हे म्हणत असतानाच आबानं हात काढून घेतलेला असतो. पोहायला शिकवणाऱ्या झाडून सगळ्यांची हीच रीत. खोटं तर खरंच, पण त्या खोट्यावरच पोरगं तरंगतं. त्याची एकुलती एक देवयानी सहा वर्षांची असताना अशीच तरंगली होती.

ती देवयानी आता एकोणीस वर्षांची झाली होती आणि 'रणघारी' नावाच्या खेळात राज्याच्या अंतिम फेरीपर्यंत पोचली होती. रणघारीत जुन्या महायुद्धातली पंख्याची विमानं उडवायची. बाकीची पोरं हलकी, चपळ विमानं घ्यायची, त्यांचं लाडकं नाव चिमणी. देवयानी मात्र सगळ्यांत जड लढाऊ विमान घ्यायची. त्याला पोरं रेडा म्हणायची.

"एवढी गोंडस विमानं सोडून हा रेडा कशापायी घेतीस गं?" सामन्याच्या दिवशी सकाळी सभागृहाच्या दारात हणमंतानं विचारलं होतं.

"आबा, ऐका तर! चिमणी वळते, नाचते, पण तिच्यात दम नाही. माझा रेडा सात टनांचा. आठ बंदुका. वळायला सांगितलं तर रुसतो, चढायला सांगितलं तर रडतो. पण एकदा का वर पोचला की मग उंची मोडायची आणि वेग घ्यायचा. वरून असा सूर मारायचा, की खालच्याला कळायच्या आत त्याचं शेपूट गायब!"

"म्हणजे माझीच विद्या की!"

"तुमचीच. फक्त खाली पाणी नाही," असं म्हणून ती हसत हसत आत पळाली.

बापलेकीचं नीट असं बोलणं ते शेवटचंच.

आदल्या दिवशी तिनं वेसण काढली होती. तिनंच कशाला, अंतिम फेरीतल्या सगळ्यांनीच काढली होती. एकाच क्षणात दुसऱ्यापेक्षा जास्त विचार करायला मिळत असेल तर कोण सोडील? चिमणीवाल्यांना काही झालं नाही. झालं ते रेडेवालीला.

सभागृहातल्या मोठ्या पडद्यावर हणमंतानं पाहिलं, की देवूचं विमान खूप उंचावरून एका चिमणीमागे नाक खाली करून सुटलं. लोक ओरडले. चिमणी फुटली. लोक आणखी ओरडले. आणि मग पडद्यावरचं चित्र थांबलं. खाली हिरवी शेतं, मध्ये एक नदी, आणि शेतांच्या दिशेनं रोखलेलं विमानाचं नाक. बराच वेळ काही हललं नाही. कुणीतरी शिट्ट्या मारल्या. लोकांना वाटलं, यंत्र बिघडलं. हणमंतालाही तसंच वाटलं, आणि तो शेजारच्या माणसाला हसत म्हणाला, "आमच्या गावची लाइट आली वाटतं इथं!"

तेवढ्यात मागच्या दारानं पांढऱ्या कोटातली एक बाई धावत आली आणि देवयानीच्या खुर्चीजवळ गुडघ्यांवर बसली. तिचं नाव डॉक्टर शाहीन बागवान. ताणपट्टी ज्या चमूनं तयार केली त्यात ती होती. तिनं पोरीच्या पट्टीवरचा ताणाचा आकडा पाहिला आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला.

तासाभरात देवयानी सभागृहाच्या मागच्याच इमारतीत, डॉक्टरीणबाईच्या प्रयोगशाळेत पलंगावर होती. कपाळाला पट्टी तशीच. डोळे मिटलेले. उजव्या हाताची मूठ इतकी घट्ट, की नखं तळव्यात रुतली होती. शेजारच्या पडद्यावर तीच शेतं, तीच नदी.

"काढा की वो ती पट्टी," हणमंत म्हणाला. "काढून फेका. एवढं काय त्यात?"

"काका, बसा. तुम्हाला सगळं सांगते, आणि पटापट सांगते, कारण आपल्याकडे वेळ नाही. आणि तिच्याकडे..." शाहीनबाई थांबली. "तिच्याकडे नको तेवढा आहे."

मग तिनं सांगितलं. जड विमान फार उंचावरून सूर मारतं तेव्हा त्याचा वेग आवाजाच्या वेगाजवळ जातो. पंखांवरची हवा वाट द्यायला उशीर करते, तुंबते, आणि शेपटीला हवेची पकड मिळेनाशी होते. वैमानिकाच्या हातातला दांडा सिमेंटात रोवल्यासारखा बसतो. जिवाच्या आकांतानं ओढा, हलत नाही. त्या जुन्या युद्धात कितीतरी जण असे ओढत ओढतच जमिनीत गेले.

"मग वाचले ते कसे?"

"थांबले ते वाचले. खाली हवा दाट असते, उबदार असते. तिथं विमान आपोआप हळू होतं आणि दांडा जिवंत होतो. पण तोपर्यंत तो ओढायचा नाही. कारण पूर्ण ओढलेला दांडा दाट हवेत एकदम चालू झाला, तर सात टनांच्या झटक्यानं पंखच उपटून निघतात. म्हणून हात सैल सोडायचा आणि वाट बघायची. खऱ्या युद्धात ती वाट दहा-बारा सेकंदांची होती."

"आणि देवूची?"

"तिचा दांडा बसला तेव्हा ती घाबरली. घाबरली म्हणून काळ ताणला. काळ ताणला म्हणून पडणं लांबलं. पडणं लांबलं म्हणून ती आणखी घाबरली. वेसण असती तर हे दहापटीवर थांबलं असतं. काका, मेंदूत आठवणींच्या गाठी पडतात, त्या आम्हाला मोजता येतात. आत्ता इथला एक तास म्हणजे तिची अंदाजे दोन वर्षं."

हणमंतानं भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, मग लेकीकडे. त्याला हिशेब जमला नाही असं नाही. जमला, म्हणूनच तो मटकन खाली बसला.

"म्हणजे माझी पोरगी... सकाळपासनं..."

"दीड-दोन वर्षं पडतेय. तीच शेतं बघत, तो दांडा ओढत."

"मग उठवा की वो तिला!" तो किंचाळलाच. त्यानं तिची मूठ दोन्ही हातांत धरली आणि एकेक बोट उलगडायला लागला. बोटं उलगडली. त्यानं हात सोडला, आणि ती पुन्हा मिटली.

"ती मूठ इथली नाही, काका. आतली आहे. आणि पट्टी मध्येच काढली तर खेळ जाईल, पण तिचं मन त्याच क्षणात राहील. पुढचा क्षण आणून द्यायलाच मग कुणी नसेल. असं एका मुलाचं झालंय. त्याचे डोळे उघडे असतात, पण तो इथं नाही."

"औषध द्या, झोपवा!"

"शरीर झोपतं. भीती जागी राहते."

"मग ती जमीन पुसून टाका की! खेळच आहे ना तुमचा? काढा ती शेतं! न्हाई जमीन, न्हाई भ्या!"

शाहीनबाई खाली बघत म्हणाली, "तेही एकदा केलं, दुसऱ्या एका मुलासाठी. जमीन काढून टाकली. तो मुलगा अजून पडतोय."

हणमंताच्या खिशात फोन वाजत होता. गावाहून मंगल, देवयानीची आई, मिळेल त्या गाडीनं निघाली होती आणि दर दहा मिनिटांनी विचारत होती, "पोरगी बोलली का?" तो दर वेळी म्हणत होता, "न्हाई अजून." दर वेळी त्याच्या मनात येत होतं, की दहा मिनिटं म्हणजे आत चार महिने झाले.

"एकच वाट आहे," शाहीनबाई म्हणाली. "तिनं आपण होऊन दांडा सोडायचा. तिनं सोडला की भीती उतरेल, भीती उतरली की काळ आखडेल, विमान दाट हवेत येईल आणि सरळ होईल. मग मी पट्टी काढू शकते. तिला हे ठाऊक आहे, काका, ती काय कच्ची खेळाडू आहे? पण ठाऊक असणं वेगळं आणि हात सुटणं वेगळं. तिला कुणीतरी सोड म्हणायला हवं."

"मी म्हणतो! कुठं बोलायचं सांगा!"

"तुमचा एक शब्द आत पाच-पाच तास नुसता घुमेल. कळणार नाही काही. आवाज नाही चालणार. फक्त न हलणारी गोष्ट पोचेल. त्या काळचे वैमानिक समोरच्या वेग-उंचीच्या काट्यांच्या शेजारी घरच्या माणसांचा फोटो खोचायचे. खेळातही ती सोय आहे. तिनं ती जागा रिकामी ठेवलीय. एक फोटो आपण तिथं लावू शकतो. एकच, आणि एकदाच. मग काढता येणार नाही, कारण असलेली गोष्ट डोळ्यांदेखत नाहीशी झाली तर ती खचेल. म्हणून नीट विचार करा. जे लावाल ते तिला वर्षानुवर्षं बघावं लागणार आहे."

हणमंतानं मंगलला फोन लावला. "विहिरीतलं फोटू आहेत का गं तुझ्याकडं? डबा बांधल्यालं? देवूचं?"

"आहेत. पण आत्ता कशाला? अहो, काय झालंय? मला नीट सांगा!"

"पाठव आधी. मग सांगतो."

दोन फोटो आले. एकाच दिवशीचे, मंगलनं विहिरीच्या काठावरून काढलेले. पहिल्यात सहा वर्षांची देवू एकटीच पाण्यावर उताणी पडली होती, हात पसरून, डोळे मिटून, जणू दुपारची झोपच लागलीय. दुसऱ्यात हणमंत खालच्या पायरीवर छातीभर पाण्यात उभा होता, काळ्या मिशा ओल्या, मनगटाला काळा दोरा, आणि त्याचा हात लेकीकडे लांब केलेला. हात आणि लेक यांच्यात वीतभर पाणी. पोरगी पोहत होती आणि हसत होती.

"हा," शाहीनबाईनं पहिल्यावर बोट ठेवलं. "अंग सैल, हात मोकळे. बघताक्षणी कळेल की सोड."

"न्हाई. दुसरा."

"काका, दुसऱ्यात..."

"मॅडम, माझं ऐका. ती तिथं एकटी हाय. त्यात पुन्हा एकटीचाच फोटू लावायचा? बापाचा हात दिसला पायजे तिला. आणि तुम्हाला दिसत न्हाई, पण तिला म्हाईत हाय, या फोटूत मी हात काढून घेतलाय. आन् ती तरंगतीय. ह्योच दिवस तो. ह्ये बघितलं की तिला कळंल, आबा सोड म्हणतोय."

शाहीनबाईनं त्याच्याकडे पाहिलं. तिला काहीतरी सलत होतं, पण ते काय हे तिला सांगता येईना. आणि तिच्याच पट्टीनं ज्याची लेक नेली त्या बापाशी हुज्जत घालायची कुठल्या तोंडानं? तिनं दुसरा फोटो लावला.

पडद्यावर, काट्यांच्या डाव्या अंगाला, एक लहानसा चौकोन उमटला. त्यात विहीर, त्यात हणमंत, त्यात त्याचा हात.

"आता?"

"आता बघायचं."

सुरुवातीला आकडा उतरला. थोडासाच, पण उतरला. हणमंत उठून उभा राहिला. "बघा! वळखलं! लेकीनं बापाला वळखलं!" त्यानं देवीला नवस बोलून टाकला, शाहीनबाईच्या पाया पडायला वाकला, तिनं कसंबसं अडवलं. त्याला रडू येत होतं आणि हसूही येत होतं.

आणि मग आकडा चढायला लागला.

आधी तासाला तीन वर्षं. मग पाच. हणमंताला वाटलं, यंत्र चुकतंय. शाहीनबाई पुन्हा पुन्हा तपासत होती. तिनं सहकाऱ्याला बोलावलं, त्यानंही तपासलं, आणि आकडा तोच आला. मूठ तशीच होती. उलट आता डावा हातही उशीवरून उचलला गेला होता आणि हवेत तसाच राहिला होता, काहीतरी धरायला पुढे केल्यासारखा. हणमंतानं तो पलंगावर ठेवला. तो पुन्हा वर आला.

"ह्ये काय चाललंय, मॅडम? फोटू तर दिसला ना तिला?"

"दिसला." शाहीनबाईनं आकड्यावर बोट ठेवलं. "काका, मी भीती मोजत होते. मला वाटलं, भीती म्हणजे 'मी मरणार' एवढंच. पण खरं तर जो मरणारच आहे तो इतका घाबरत नाही. जो कदाचित वाचेल, तो घाबरतो. आशेनंही मेंदू तितकीच टिपणं काढतो. तिला वाटतंय की कुणीतरी येतंय."

हणमंताच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला, आणि असा प्रकाश कुणाच्या वैऱ्याच्याही डोक्यात पडू नये. त्याला त्या फोटोत 'सोडलंय' दिसलं होतं. कारण त्या दिवशी तो पायरीवरचा माणूस होता, हात त्याचा होता, आणि त्यानं तो काढला होता. पोरीला कुठं ठाऊक होतं हात काढलाय ते! तिला तर आयुष्यभर हेच ठाऊक होतं, की आबांनी धरलं होतं. आबा धरलंय म्हणाले होते.

"काढा तो फोटू," तो म्हणाला.

"नाही काढता येत."

"दुसरा लावा! तो एकटीचा लावा! बाई, तुमच्या पाया पडतो, माझी अक्कल शेण खायला गेली होती!"

"आत्ता तो हात नाहीसा झाला तर तिचं काय होईल, विचार करा."

त्यानं विचार केला. आणि त्यानं पलंगाच्या लोखंडी दांडीवर कपाळ आपटून घेतलं. दोघांनी धरून त्याला बसवलं. मग तो पडद्यासमोर बसून राहिला आणि फोटोतल्या स्वतःला शिव्या देत राहिला. "हल की रे मुडद्या. पुढं हो. धर तिला." फोटोतला हणमंत ओल्या मिशांनी हसत होता. बाहेर ऊन कलत होतं. आत कधी सात वर्षं जात होती, कधी दहा. मंगलचा फोन आला तेव्हा त्यानं तो उचलला नाही. काय सांगणार होता? की आपली लेक आता आपल्या वयाची झाली असंल म्हणून?

आणि चहाच्या वेळेच्या सुमारास डावा हात खाली आला.

कुणी ठेवला नव्हता. आपसूक उतरला आणि चादरीवर पडला. शाहीनबाईनं आकड्याकडे पाहिलं आणि ती ओरडली, "काका!" गाठी पडणं मंदावलं होतं. तासाला दहा वर्षं, चार, एक, काही महिने. मग उजवी मूठ उघडली. हळूच, अळूचं पान उघडावं तशी. पडद्यावरची शेतं पहिल्यांदा हलली. नदी सरकली. विमान थरथरलं, त्याचं जड नाक इंचाइंचानं वर यायला लागलं, शेतं खाली गेली आणि पडद्यावर नुसतं आभाळ भरून आलं.

"आली!" हणमंत नाचायचाच बाकी होता. "आली माझी वाघीण! तरली!"

शाहीनबाईनं पट्टी काढली. पट्टीखालचं कपाळ पांढरं पडलं होतं. देवयानीनं डोळे उघडले.

ती बराच वेळ छताकडे बघत राहिली. छताचा पंखा फिरत होता, त्याकडे बघत राहिली. हणमंत हाका मारत होता, "देवू, ए देवू, बाळ माझं, इकडं बघ!" तिनं मान वळवली ती आवाजाला कंटाळून वळवावी तशी. त्याच्या चेहऱ्यावरून तिची नजर तशीच पुढे गेली आणि पलंगावर टेकलेल्या त्याच्या हातावर थांबली.

ती उठून बसली आणि तिनं तो हात दोन्ही हातांनी उचलला. डोळ्यांजवळ नेला. मग एकेक बोट दुमडून पाहिलं, सरळ करून पाहिलं.

"हलतो की हा," ती म्हणाली. आवाज एकोणीस वर्षांच्या पोरीचाच होता. पण शब्द फार लांबून येत होते, एकेक शोधून.

"हलतो गं, हलतो! हा बघ, हा बघ!"

"दोरा कुठंय?"

"कसला दोरा? तो व्हय... तो तुटला पोरी, केव्हाच. किती वर्षं झाली."

"हं," ती म्हणाली. तिला ते फारसं पटलेलं दिसलं नाही. मनगटावरून तिनं अंगठा फिरवला. "लई वाट बघितली ह्याची. आधी वाटायचं, जरासा पुढं आला की धरीन. एका हातानं दांडा, दुसरा हात ह्याच्याकडं. डोळा लागू द्यायची नाही, नेमका तेव्हाच आला तर? लई वर्षं गेली. पायऱ्यांचे दगड पाठ झाले. मग एकदा कळलं, हा यायचा नाही. हा एवढाच आहे." तिच्या बोलण्यात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. "त्या दिवशी बरं वाटलं. मग दांडा तरी कशाला धरायचा? दिला सोडून."

हणमंताला उमाळा आवरेना. "चुकलं माझं," तो म्हणाला, "माझंच चुकलं पोरी, तो दुसरा फोटू लावायला पायजे होता. मॅडम सांगत होत्या. मी ऐकलं न्हाई. तुझी आई निघालीय, येईलच आता, आपण घरी जाऊ, आई तुला..."

"आई," देवयानीनं तो शब्द म्हणून पाहिला. कपाळाला आठी घालून आठवायचा प्रयत्न केला. "हां. होती."

शाहीनबाई खोलीच्या कोपऱ्यात भिंतीला टेकून उभी होती. यंत्रानं शेवटी मोजलेल्या गाठींचा आकडा तिच्या समोर होता. साठाच्या वर वर्षं. या खोलीत सर्वांत म्हातारं माणूस कोण आहे हे तिला कळत होतं, पण ते बापाला कसं सांगायचं हे कळत नव्हतं.

सांगायची गरज पडली नाही. हणमंतानं डोळे पुसत वर पाहिलं, तर लेक त्याच्याकडे बघत होती. अंगणात धडपडलेल्या नातवाकडे आजी बघते तसं, मायेनं आणि जरा थकून. बावन्न वर्षांच्या बाप्याच्या टकलावरून तिनं हात फिरवला.

"गप, बाळा, गप," ती म्हणाली. "रडू नको. धरलंय मी. धरलंय."

क्षणभर त्याला खरंच आधार वाटला. मग त्यानं पाहिलं. तिचे दोन्ही हात केव्हाच मांडीवर परत गेले होते, आणि ती खिडकीबाहेर हलणाऱ्या झाडाकडे बघत होती.